हिवराला जागा द्या!

मित्रहो, दर पावसाळ्यात आपण एनएसएसचे बॅज लावून माळावर गुलमोहर नाहीतर गिरिपुष्प लावतो, फोटो काढतो अन् मेसकडे पळतो. पण त्याच माळावर आधीपासून उभा असलेला हिवर किती जणांना ठाऊक आहे? कॉन्व्हेंटच्या पुस्तकांत मला ओक भेटला, पाइन भेटला, हिवर नाही!

पांढरट सालीचं, काटेरी, पानगळीचं हे झाड. शेंगा-पाला शेळ्यामेंढ्यांना, काटे कुंपणाला, लाकूड अवजारांना, साल कातडी कमवायला. धनगर-शेतकऱ्यांचं अख्खं स्टोअरच! मादागास्करचा गुलमोहर सावली देईल, पण बाकीचं?

आपण म्हणतो, माळ ओसाड. पण २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जुन्या मराठी साहित्यातले उल्लेख तपासून दाखवलंय, की पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ, विरळ झाडांचे माळ निदान ७५० वर्षं जुने आहेत. म्हणजे ते तोडलेलं जंगल नव्हेच! तिथे दाट झाडी केली की सावलीत गवत मरतं. मग मेंढरांनी खायचं काय?

तेव्हा यंदा खड्डे खणण्याआधी माळावर आपणहून काय उगवतंय, ते तरी बघूया!