उचलून नेण्याची संस्कृती

'जिना आहे, पण काळजी नसावी. चार मुले उचलून आणतील.' साहित्यविषयक कार्यक्रमांच्या संयोजकांकडून हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातला उद्दामपणा आता कोणाच्या कानाला खटकतही नाही. वाक्य बोलणारे गृहस्थ सज्जन असतात. मुलेही सज्जन असतात आणि चाकाची खुर्ची जपून उचलतात. आमचा आक्षेप नेमका या सौजन्यावर आहे. इमारतीने जे करायला हवे ते माणसांच्या दयाबुद्धीवर सोपवायचे आणि वर तिलाच संस्कृती म्हणायचे, ही युक्ती शिक्षणाच्या आणि साहित्याच्या क्षेत्राने फार सफाईने आत्मसात केली आहे.

उचलून आणलेला माणूस व्याख्यान रटाळ झाले म्हणून मध्येच उठून जाऊ शकत नाही. (रटाळ व्याख्यानातून उठून जाणे हा श्रोत्याचा मूलभूत अधिकार आहे, असे आम्ही मानतो.) चहा हवा, स्वच्छतागृहात जायचे, की पुन्हा चार जणांची जुळवाजुळव. त्याचे येणे साऱ्या सभागृहाला कळते आणि आभारप्रदर्शनात त्याच्या 'जिद्दी'चा गौरव होतो. सभागृहात आलेल्या इतर दोनशे जणांच्या जिद्दीचा उल्लेख होत नाही, कारण ते केवळ व्याख्यान ऐकायला आलेले असतात. त्यालाही तेवढेच करायचे होते.

आता रॅम्पकडे वळू, कारण 'आमच्याकडे रॅम्प आहे' हे उत्तर हल्ली तयारच असते. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र असू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी हवी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. साडेतीन फूट उंचीच्या व्यासपीठाला बेचाळीस फूट. हे गणित मनात ठेवून वाचकांनी आपापल्या महाविद्यालयाच्या दारातला रॅम्प पाहावा. बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्यांवर सिमेंटचा पाच-सहा फुटी लोट ओतलेला आढळतो. त्यावर गुळगुळीत फरशी असते आणि शेवटी, चुकून कोणी वर पोहोचलाच तर, दोन इंचांचा उंबरठा! उंबरठ्यावर आपल्याकडे पुष्कळ हळवे लेखन झाले आहे. चाकासमोर तो भिंत होतो, हे त्यात क्वचितच येते.

हा लोट कोणासाठी ओतला जातो? नॅकच्या सातव्या निकषात अडथळामुक्त परिसराची विचारणा होऊ लागली आणि तिला पुरावा म्हणून छायाचित्रे जोडावी लागू लागली, तेव्हापासून अनेक रॅम्प छायाचित्रासाठीच जन्माला आले आहेत. समिती येण्याच्या आठवड्यात स्वच्छतागृहाच्या दारावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह लागते. आतली जागा खुर्ची वळण्याइतकी आहे का, हे छायाचित्रात दिसत नाही. अंध विद्यार्थ्यांना पायाने चाचपता याव्यात म्हणून बसवलेल्या उठावाच्या पिवळ्या फरश्या थेट एखाद्या कुंडीपाशी किंवा उभ्या केलेल्या दुचाकीपाशी संपतात. उद्वाहक असतो, पण त्याला कुलूप असते, आणि किल्ली ज्या शिपायाकडे असते तो बँकेत गेलेला असतो.

'पण आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत' हा यावरचा ठेवणीतला युक्तिवाद. विहिरीला पायऱ्या नसताना 'कोणी पाण्याला उतरत नाही' असे म्हणण्याचाच हा प्रकार. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांतल्या सुमारे २९ लाख एकट्या महाराष्ट्रात. २०१६च्या कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. त्या जागा का भरत नाहीत, याचे एक उत्तर तरी प्रवेश अर्जाची खिडकी कितव्या मजल्यावर आहे, यात सापडेल.

कायद्याच्या भाषेकडे तर आपण भाषेचे अध्यापक म्हणून पाहायलाच हवे. १९९५च्या कायद्यात रॅम्प बांधण्याचे कर्तव्य सांगताना 'आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत' अशी पुस्ती होती. त्या एका पुस्तीत वीस वर्षे गडप झाली. २०१६च्या कायद्याने सुगम्यतेच्या तरतुदींतून ती पळवाट काढली आणि अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, मुदत जून २०२२ मध्ये सरली. शब्द मात्र तत्परतेने बदलला: 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात त्या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. त्या शब्दावरचे वाद आम्ही जाणतो, पण पायरीची उंची नाम बदलून कमी होत नाही. असो. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. कायद्याची भाषा सक्तीची, पण नियम क्रमांक १५ ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो त्यांची भाषा शिफारशीची. तेव्हा हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरतो, असे न्यायालयाने म्हटले आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्र सरकारला सांगितले. व्याकरणाच्या तासाला आपण आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतला फरक शिकवतो. कोट्यवधी माणसांचे बाहेर राहणे त्या फरकावर अवलंबून होते.

जिथे खरोखरीचा रॅम्प असतो तिथेही तो बहुधा मागच्या अंगाला असतो, उपाहारगृहाच्या कचऱ्याच्या पिंपांशेजारून. दर्शनी पायऱ्यांची शोभा जाते, असे कारण देतात. कोणी कोणत्या दाराने आत यावे हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये तिथे उपोषण केले, ते सर्वांना त्याच दारातून त्याच मूर्तीपाशी जाता यावे म्हणून. बाहेर आणखी चांगली सोय करावी, अशी मागणी नव्हती. जातीची बंदी आणि जिन्याची अडचण आम्ही एक मानत नाही. पहिलीमागे द्वेष होता, दुसरीमागे बहुतांशी बेफिकिरी आहे. मात्र चोखोबांवर तास घेताना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांना आपल्या विभागाचे मागचे दार खटकू नये, याचे नवल वाटते.

आपल्या समीक्षेची सवयही याच जातीची आहे. नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वर्गात शिकवले जाते, त्यावर प्रबंधिका होतात. त्यांत 'अपंगत्वावर मात' हा शब्दप्रयोग हमखास असतो. मात कशावर? शरीरावर, असे गृहीत धरलेले असते. त्या शरीराला अडवणारे जिने, अरुंद दारे, बसची उंच पायरी यांची नोंद 'पार्श्वभूमी'त जाते. लेखिकेच्या धैर्याला नमस्कार करून झाला, की वास्तू निर्दोष सुटते.

पैसा नाही, इमारत जुनी आहे, हे आक्षेप काही ठिकाणी खरे आहेत. जुन्या दगडी वास्तूत उद्वाहक बसवणे सोपे नाही. पण वेळापत्रक बदलायला दगड फोडावे लागत नाहीत. तळमजल्यावर प्राचार्यांचे दालन, लेखा विभाग, बैठकीची खोली आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे कोठार. वर्ग, ग्रंथालय, आणि सर्वांत वर, कबुतरांच्या शेजारी, मराठी विभाग, ही रचना कोणत्या पुरातत्त्व नियमाने झाली आहे? उत्तरपत्रिका वरच्या मजल्यावर राहू शकतात. ज्या वर्गात चाकाच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी आहे तो वर्ग तळमजल्यावर आणणे, हे एका परिपत्रकाचे काम आहे, आणि ते जुलैत वर्ग सुरू होण्यापूर्वी होऊ शकते.

आणि ज्येष्ठ साहित्यिकांचे काय? जीवनगौरव पुरस्कार द्यायचा तो ऐंशीच्या घरातल्या व्यक्तीला आणि ठेवायचा साडेतीन फूट उंचीच्या, कठडा नसलेल्या सहा पायऱ्यांवर! दोन्ही बगलांत हात घालून त्यांना वर चढवले जाते, धोतर किंवा पदर सावरण्याची धडपड चालते, आणि छायाचित्रकार तेवढ्यात टिपतो. ती शाल व्यासपीठाखाली, पहिल्या रांगेसमोर दिली तर गौरवात कोणती उणीव राहते? यापुढे परिसंवादाचे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी आम्ही संयोजकांना मानधनाऐवजी तीन गोष्टी विचारणार आहोत: दारापर्यंत पायऱ्या किती, रॅम्पची लांबी किती, आणि स्वच्छतागृहाचे दार किती रुंद. उत्तरे 'मुले आहेत ना' अशी आली, तर आमचा निबंध टपालाने येईल.