गिझर कुणाचा, लाइट बिल कुणाचं?

वसतिगृहात नंबर लागला नाही की मुलं रूम शोधायला निघतात. साताऱ्यात गोडोली, शाहूपुरी, सदर बझार. सांगलीत विश्रामबाग, नाहीतर पलीकडे मिरज. यात माण-खटावची मुलं असतात, जत-आटपाडीची असतात. भाडं आणि डिपॉझिट यांवर तासभर घासाघीस होते. लाइट बिलाचा विषय मात्र एका वाक्यात संपतो : "ते काय, समान वाटून घेऊ."

हे वाक्य बहुधा कोण बोलतं, हे एकदा बघा. ज्याला शंभर-दोनशे रुपये इकडचे तिकडे झाले तरी फरक पडत नाही, तोच. ज्याला फरक पडतो तो गप्प बसतो, आणि त्याचं गप्प बसणं होकारात धरलं जातं.

आधी बिल कसं बनतं ते पाहू. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. १०१ ते ३०० चा टप्पा महाग, त्यापुढचे आणखी महाग. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहूनही जास्त भरतो. आता एका खोलीत चौघे आहेत असं समजा. पंखे, दिवे, लॅपटॉप, मोबाइल मिळून महिन्याला ९० युनिट जातात. चौघांपैकी तिघे हिवाळ्यात गिझर लावतात. चौथ्याला घरापासून गार पाण्याची सवय, शिवाय तो दर शनिवारी एसटी धरून गावी जातो. गिझर २,००० वॉटचा, तिघांचे वीस-वीस मिनिटं धरले तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०. एकूण झाले १५०.

हिशेब सोपा व्हावा म्हणून पहिला टप्पा पाच रुपयांचा आणि दुसरा दहाचा धरू. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क बाजूला ठेवू. पहिल्या १०० युनिटांचे ५००, वरच्या ५० चे ५००. हजाराचे चार भाग, प्रत्येकी २५०. गिझर नसता तर ९० युनिटांचे ४५० झाले असते, म्हणजे प्रत्येकी साडेबारा कमी सव्वाशे, ११२ रुपये ५० पैसे. गार पाण्याने अंघोळ करणारा चौथा महिन्याला १३७ रुपये ५० पैसे दुसऱ्यांच्या गरम पाण्यासाठी भरतो. गिझरचा खर्च गिझरवाल्यांनी उचलायचा ठरवला तर त्या तिघांवर प्रत्येकी ४६ रुपयांच्या आसपास पडतात. एका वडापाव-चहाच्या बैठकीत जातात तेवढे.

रक्कम छोटी आहे, मान्य. पण डबा महिन्याचा लावायचा की एक वेळचाच, हा विचार करणाऱ्या मुलासाठी ती छोटी नसते. आणि तो तोंड उघडत नाही, कारण उघडलं की 'चिंधीगिरी करतो' हा शिक्का बसतो. आपल्या मुलांच्या बाबतीत एक कारण आणखी आहे. नाव विचारून झाल्यावर "रूम कालच गेली हो" हे उत्तर ज्याने चार दारांवर ऐकलंय, तो पाचव्या दारी मिळालेली खोली लाइट बिलावरून भांडून सोडत नाही. एकाच्या ओळखीने मिळालेल्या फ्लॅटमध्ये मग सहा-सात जण दाटीने राहतात आणि ज्याच्या ओळखीने मिळाला त्याचा शब्द चालतो. हे बाहेरच्यांनी केलेल्या अन्यायाच्या आत आपण केलेलं आणखी एक छोटं अन्यायाचं घर आहे. बाहेरच्याबद्दल आपण खूप बोलतो.

हुकूकुल इबाद हा शब्द आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. माणसाचा माणसावरचा हक. तो ज्याचा बुडाला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही, हेही ऐकतो. मग डोळ्यांसमोर येतात जमिनीचे वाद, बहिणीचा हिस्सा. रूम पार्टनरचे १३७ रुपये येत नाहीत. कुरआनची सर्वांत लांब आयत नमाज-रोज्याबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह बकराची २८२ वी. "यारदोस्तांत काय लिहायचं" असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा अर्थासह वाचावी.

मग प्रत्येक युनिट मोजत बसायचं का? तसं नको. मोबाइल पन्नासदा चार्ज केला तरी एखादं युनिट जाईल. पंखा तेरा-चौदा तास चालला की एक. त्यावरून टीटीएमएम करणाऱ्याबरोबर राहणं शिक्षाच. माझ्या मते खर्चाची जात ओळखली की भांडण उरत नाही. कुणी असो-नसो जे लागतंच, भाडं, वायफाय, बिलातला स्थिर आकार, ते समान. माणूस असेल तरच खर्च होतं, गॅस सिलिंडर, पाण्याचा जार, ते हजेरीच्या दिवसांवर. आणि गिझर, इंडक्शन, इस्त्री ही वीज खाणारी वस्तू जो वापरतो त्याची. बस.

रमजानमध्ये हाच नियम आपल्यावर उलटतो, आणि उलटायला हवा. हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. पहाटे सहरीला गॅस पेटतो, दिवे लागतात, थंडी असली तर गिझरही. रूममध्ये रोजा न ठेवणारे पार्टनर असतील तर त्या महिन्याचा जास्तीचा वाटा आपण आधीच बोलून टाकावा. त्यांनी म्हणायची वाट बघू नये. ते संकोचाने म्हणणारही नाहीत.

काही जण तोड सुचवतात की ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने स्वयंपाक करावा, त्याचा वाटा माफ. ऐकायला बरं वाटतं. 'कमवा आणि शिका' याच साताऱ्यात रुजलं ना? पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे जे बोर्डिंग काढलं, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं, तिथे वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत आणि काम सगळ्यांनाच असे. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं, पण एका पोराला दुसऱ्याचा गडी केलं नाही. आपल्या फ्लॅटमध्ये तिघे रील बघतात आणि चौथा भांडी घासतो, त्याला 'कमवा आणि शिका' म्हणू नका. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना लावा; ज्याला ती चुकवायची असेल त्याने पैसे भरावेत.

घरमालकाचं सबमीटर हा वेगळा ताप. काही मालक युनिटचा एकच गोल दर सांगतात आणि मूळ बिल दाखवत नाहीत. एका मीटरवर मालकाचं कुटुंब आणि दोन रूमची मुलं असली की सगळे मिळून वरच्या टप्प्यात जातात. डिपॉझिट देण्याआधी बिल बघायला मागा, शक्यतो थंडीच्या महिन्यातलं. बारा आकडी ग्राहक क्रमांक मिळाला तर दर महिन्याचं बिल महावितरणच्या अॅपवर स्वतः बघता येतं. हे मागायला एकट्याने जाऊ नका, सगळे मिळून जा. नंतर तो एकटाच मालकाच्या डोळ्यावर येतो.

आणि परीक्षा संपल्यावरचं. एक जण एप्रिलमध्ये पेपर संपताच निघतो, दुसरा प्रॅक्टिकल उरकून, शेवटचा मे अखेर कुलूप लावतो. बिल त्यानंतर येतं आणि शेवटच्याच्या गळ्यात पडतं. बाकीच्यांचे फोन 'नंतर करतो'वर जातात. जाताना प्रत्येकाने मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा, त्या आकड्यापर्यंतचा आपला अंदाजे वाटा तिथेच भरावा आणि मगच बॅग उचलावी.