सरस चिप का हरते?

१९९२ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे ‘डेक’ने, अल्फा ही चिप आणली. इंटेलची सर्वांत वेगवान ४८६ तेव्हा ६६ मेगाहर्ट्‌झवर चालत होती. अल्फा दीडशेच्या घरात होती, शिवाय पुरती ६४ बिटी. दहा वर्षांच्या आत तिच्या मालकांनीच तिला निरोप दिला. तेव्हाही ती वेगवान चिपांतच गणली जात होती.

अल्फा ज्या ‘रिस्क’ पद्धतीची होती, तिचे सूत्र साधे होते. प्रोसेसरला मोजक्या, सोप्या आज्ञा द्याव्यात आणि गुंतागुंत कंपायलरवर सोपवावी. आयबीएममध्ये जॉन कॉक, बर्कलीत डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डला जॉन हेनेसी यांनी ते सिद्ध केले. सनचे स्पार्क, एचपीचे पीए-रिस्क, सिलिकॉन ग्राफिक्सची मिप्सवरची यंत्रे यांनी अभियंत्यांची टेबले काबीज केली. पुण्याच्या सी-डॅकचा १९९८चा ‘परम १००००’ महासंगणकही सनच्या अल्ट्रास्पार्कवरच उभा राहिला.

मात्र दर कंपनीची आज्ञावली वेगळी आणि युनिक्सही वेगळे. त्यामुळे दरेकीचा बाजार लहान राहिला, आणि नव्या चिपचा खर्च पिढीगणिक चढत गेला. इंटेल तोच खर्च कोट्यवधी पीसींवर वाटत होती. १९९५च्या पेंटियम प्रोने तर जुन्या एक्स८६ आज्ञा आतल्या आत रिस्कसारख्या सुट्या क्रियांत फोडायला सुरुवात केली. कल्पना रिस्कची, गिऱ्हाईक इंटेलचे!

पीसीचे विंडोज प्रोग्राम अल्फावर चालावेत म्हणून डेकने एफएक्स!३२ हे सॉफ्टवेअर लिहिले. पहिल्या खेपेस प्रोग्राम कसाबसा चाले. मागाहून त्याचे अल्फाच्या आज्ञांत रूपांतर होई आणि पुढच्या खेपेस तो वेग घेई. कारागिरी अव्वल होती. पण ज्याला पीसीचेच प्रोग्राम चालवायचे, तो महागडी अल्फा कशाला घेईल?

१९९८ मध्ये डेकचा हडसनचा चिप-कारखाना इंटेलकडे गेला आणि कंपनी कॉम्पॅककडे. २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फा सोडून इंटेलच्या आयटेनियमवर जायचे जाहीर केले. एचपी आणि सिलिकॉन ग्राफिक्स यांनीही तीच वाट धरली. आयटेनियमने अपेक्षाभंग केला, तेव्हा मागे फिरायची सोय उरली नव्हती.

आज रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञावलीवर आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर घडले आहेत. परवान्याचे जोखड त्यामुळे नक्कीच उतरते, सॉफ्टवेअरही सामाईक राहू शकते. पण आज्ञावली फुकट मिळाली म्हणून चिप फुकट बनत नाही. जो तो आपापल्या जादा आज्ञा जोडत सुटला, तर नव्वदीतली फाटाफूटही परतेल. पहिली चिप अनुदानावर निघते. चौथी निघायला विक्री लागते. ती विकत घेणारा कोण, हे पहिलीच्या वेळीच ठरवले नाही, तर उत्तम अभियंते हाताशी असूनही अल्फाचीच गत होईल.