नंदिवर्धन ते नगरधन

पारशिवनीहून मनसरमार्गे रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास जाणारी कुटुंबे बहुधा दुपारी परतीचा रस्ता धरतात. रामटेकच्या दक्षिणेस सहा-सात किलोमीटरवर असलेले नगरधन त्यांच्या वाटेत येत नाही. गेलेच कोणी, तर भोसलेकालीन किल्ला पाहतात, आतील विहिरीपाशी भूमीच्या पातळीखाली असलेल्या देवीला हात जोडतात आणि निघतात. धानाच्या शेतांनी वेढलेले हे गाव एकेकाळी एका साम्राज्याची राजधानी होते, हे तेथे उभे राहूनही खरे वाटत नाही.

त्या राजधानीचे नाव नंदिवर्धन. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन अकाली निवर्तला, तेव्हा त्याचे पुत्र अज्ञान होते. कारभार राणी प्रभावतीगुप्ता हिने हाती घेतला. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. आपल्या ताम्रपटात तिने वंशावळ दिली ती माहेरची, सासरची नव्हे. विधवा राणीने राज्य चालवावे आणि दस्तऐवजावर पित्याचे कुळ मिरवावे, ही पाचव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट आहे.

नंदिवर्धनाहून दिलेला तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला, तोही एका तांबटाकडे. तांब्याचा भाव जाणणाऱ्या माणसाने तो वितळवला नाही, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. कार्तिक शुद्ध द्वादशीस एका आचार्यास गाव दान दिल्याचा तो लेख आहे. आजच्या खरेदीखताप्रमाणे त्यात चतुःसीमा आहेत. पुढील सवलती तर व्यापारी माणसाने सावकाश वाचाव्यात अशा आहेत. त्या गावात सैनिकांनी शिरू नये. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांनी चारा, कातडी, कोळसा मागू नये. फुले व दूधही मागू नये. जमिनीत गुप्तधन सापडल्यास ते दान घेणाऱ्याचे. या गोष्टींना मनाई करावी लागली, यावरूनच दान न दिलेल्या इतर गावांना काय सोसावे लागत असेल ते कळते.

प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने राजधानी प्रवरपुरास हलविली. तरी नंदिवर्धन ओसाड पडले नाही. नल राजा भवदत्तवर्म्याचा ताम्रपट येथूनच निघाला. पुढे सहाव्या शतकात स्वामिराजाच्या काळी येथे हत्ती हाकणाऱ्यांचा संघ होता. त्याच्या विनंतीवरून दिलेल्या दानाचा ताम्रपटच नगरधनला सापडला. राजे बदलत गेले, तरी धंदेवाइकांचा संघ दरबारी शब्द टाकू शकत होता. इ. स. ९४० च्या देवळी ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ अशी जोडी येते. तेव्हा नागपूर हे नंदिवर्धनाच्या शेजारचे एक नाव होते. आता नगरधनचा पत्ता सांगताना ‘जिल्हा नागपूर’ असे लिहावे लागते.

हा सारा इतिहास दीर्घकाळ ताम्रपटांवरच उभा होता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून त्यांचे वाचन केले. १९६३ साली वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. परंतु नगरी प्रत्यक्षात कोठे होती? २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले. त्यात मातीची एक लंबगोल मुद्रा हाती आली. वजन जेमतेम सहा ग्रॅम. तीवर शंख आणि ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव. राणीचा कागद कोणी मध्येच उघडू नये म्हणून लावलेले ते मोहोर. सोळाशे वर्षे ते आपल्या जागी पडून राहिले.

उत्खननाला मर्यादा होती ती वस्तीची. जुन्या नगरीच्या थरांवर आज लोकांची घरे, अंगणे व गोठे आहेत. राजधानी शोधण्यासाठी नांदते गाव उठविता येत नाही, उठवूही नये. मात्र पाया खणताना निघालेली जुनी वीट नव्या भिंतीत बसते, खापर उकिरड्यावर जाते आणि प्रत्येक नव्या घराबरोबर एक पान कायमचे मिटते. पुढच्या वेळी रामटेकहून परतताना तासभर वेळ काढून मुलांना नगरधन दाखवावे. किल्ल्यापेक्षा गावातल्या गल्ल्यांतून अधिक फिरावे.