ओटा कोणाच्या उंचीचा?

घरातील जुना ओटा बदलण्याचा विषय निघाला की बोलणे बहुधा दगडाच्या रंगापासून सुरू होते आणि दरापाशी येऊन थांबते. त्या ओट्यापाशी रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची मात्र क्वचितच कोणी मोजते. खर्चाला मर्यादा असेल, तर कामाचा आरंभ याच मोजमापापासून करावा. त्याला पैसे पडत नाहीत.

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने घरात वापरावयाच्या चपला घालून नेहमीसारखे उभे राहावे, दंड अंगालगत ठेवून कोपर काटकोनात वाकवावे. जमिनीपासून कोपरापर्यंत जे माप येईल, त्याहून 4 ते 6 इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग असणे सोयीचे. वयानुसार मणक्यांमधील चकत्या झिजतात, पाठीला पोक येतो आणि उंची घटते. चाळिशीत सोयीचा वाटलेला ओटा पंचाहत्तरीत उंच वाटू लागतो, तो त्यामुळेच.

हे ध्यानात न घेता जो स्वस्त उपाय सर्रास सुचविला जातो, तो म्हणजे जुन्या कडप्प्यावरच नवा ग्रॅनाइट बसविणे. यात तोडफोड वाचते हे खरे. परंतु दगड आणि त्याखालील मसाला मिळून ओटा इंच-दीड इंचाने वर येतो. हिशेब करून पाहा. 32 इंचांचा ओटा, त्यावर सुमारे 5 इंचांची शेगडी आणि त्यावर 8 इंचांचा कुकर धरला, तर कुकरचे तोंड 45 इंचांवर जाते. 4 फूट 10 इंच उंचीच्या आजींच्या खांद्याच्या जवळपास ही पातळी येते. त्यात आणखी दीड इंच वाढला, की वाफ चेहऱ्यावर येणार आणि डाव फिरविताना खांदा उचलावा लागणार. मग पायाखाली पाट घेतला जातो. ज्येष्ठांनी हे कदापि करू नये. पाटावरून पाय घसरून होणारे खुब्याचे हाड मोडणे कोणत्याही ओट्यापेक्षा महाग पडते. ओटा उंच असेल, तर पोळ्या लाटणे, भाजी चिरणे ही कामे शेजारी भक्कम, न डगमगणारे टेबल मांडून बसून करावीत.

आता दगडाविषयी. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांतील आम्ल त्याला खाते आणि पांढुरके डाग पडतात. असा ओटा निकामी झाला असे समजू नये. कारागिराकडून तो घासून पुन्हा पॉलिश करून घेता येतो, बारीक भेगा एपॉक्सीने भरता येतात आणि समोरची धारदार कड गोल करून घेता येते. वार्धक्यात त्वचा पातळ होते व रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात, अशा वेळी ही गोल कड शोभेची बाब राहत नाही. पुढे स्वच्छतेसाठी साधा साबण पुरे. अ‍ॅसिड कधीही वापरू नये.

ओटा आणि भिंतीच्या फरश्या यांमधील सांधा तपासावा. तेथील सिमेंट निघाले असेल, तर ओल मुरते आणि झुरळे घर करतात. जुना भराव खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून तो सांधा एपॉक्सी ग्राउटने किंवा सिलिकॉनने बंद करावा. चिकटविण्याचे प्लॅस्टिकचे छापील कागद स्वस्त मिळतात. पण शेगडीजवळ ते उष्णतेने आक्रसतात, पेट घेऊ शकतात आणि सुटलेल्या कडेखाली पाणी साचते. ते टाळलेले बरे.

दृष्टीचाही विचार व्हावा. चकचकीत काळ्या दगडावर सांडलेले पाणी दिसत नाही आणि दिव्याचे प्रतिबिंब मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना खुपते. ओटा काळाच ठेवावयाचा असेल, तर त्यावर फिकट रंगाचा चिरण्याचा पाट ठेवावा आणि वरच्या फळीखाली एक एलईडी पट्टी लावावी. आपल्याच सावलीत सुरी चालविण्याची वेळ त्यामुळे टळते.

दगड कापणे व घासणे हे काम पाणी सोडून, शक्यतो घराबाहेर करवून घ्यावे. ग्रॅनाइटच्या, आणि त्याहून अधिक कृत्रिम क्वार्ट्झच्या, धुळीत सिलिका असते व ती फुप्फुसात कायमची इजा करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदी घातली. दम्याच्या रुग्णाला त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवावे, आणि कारागिरालाही योग्य मास्क लावण्यास सांगावे. कामाआधी रेग्युलेटर काढून ठेवावा. रबरी नळी पाच वर्षांची झाली असेल, तर याच वेळी बदलावी.

पैसे थोडे असतील, तर क्रम असा धरावा: आधी सांधे, मग प्रकाश, मग कड व पॉलिश आणि सर्वांत शेवटी नवा दगड. बहुतेक घरांत शेवटच्या पायरीची गरजच उरत नाही.

काळजीवाहकांना एक विनंती. काम संपल्यावर मिठाची बरणी, मिसळणाचा डबा, चिमटा हे सारे पूर्वीच्याच जागी ठेवा. विस्मरण होऊ लागलेल्या व्यक्तीचा हात ओळखीच्या जागेवर आपोआप जातो. ती जागा हरवली, की आत्मविश्वासही हरवतो. आणि मोजपट्टी हाती घेण्यापूर्वी त्यांनाच विचारा, "तुम्हांला येथे काय अवघड जाते?" ज्यांना स्वतःचा चहा स्वतः करावयाचा आहे, त्यांच्यासाठी ओटा हा स्वावलंबनाचा आधार आहे. तो त्यांच्या मापाने दुरुस्त व्हावा.