पलीकडचा तीर

आंद्रे वायदाच्या ‘कनाल’ (१९५७) या पोलिश चित्रपटातलं शेवटाकडचं एक दृश्य एकदा पाहिलं की मनातून जात नाही. १९४४च्या वॉर्सा उठावातले हरत आलेले सैनिक शहराच्या गटारातून वाट काढताहेत. त्यांच्यातल्या जखमी कोराबला ओढत स्टोक्रोत्का ही तरुणी भुयाराच्या तोंडाशी पोचते. समोर उजेड आहे, व्हिस्तुला नदी आहे आणि मध्ये लोखंडी गज. ती त्याला डोळे मिटून घ्यायला सांगते आणि स्वतः गजांतून पलीकडचा तीर बघत राहते. उठाव चिरडला जात होता तेव्हा त्या तीरावर सोव्हिएत फौज थांबून होती. कम्युनिस्ट पोलंडच्या पडद्यावर हे बोलायची सोय नव्हती. वायदाने नुसता तीर दाखवला. वॉर्साच्या प्रेक्षकाला पुढचं सांगायची गरजच नव्हती.

युद्धोत्तर पोलिश सिनेमातल्या मौनाचं बळ मला या ठाऊक असण्यात दिसतं. आपल्याकडे ‘सैराट’च्या शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला, उरली खून झालेल्या जोडप्याच्या लेकराची रक्ताळलेली पावलं. थिएटरात कुणी कुणाला काही विचारलं नाही. जात काय करते, हे आपण गावोगाव पाहिलेलं आहे.

आपल्या नवी मुंबईचं मात्र तसं नाही. १९७०मध्ये शहर वसवायला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून मिळाली. उद्या एखाद्या दिग्दर्शकाने शेवटच्या दृश्यात नुसती त्या लढ्यातल्या जासई गावची भातशेती दाखवली, तर वाशी-खारघरच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना त्यातलं काही ऐकू येईल? फार थोड्यांना, अशी मला भीती वाटते. ज्या गोष्टी कधी बोलल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या मौनाला अर्थ कुठून येणार? आपल्याला आधी बोलावंच लागेल.

ते दिवस पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत जासई, नवघर, पागोट्याकडे जा. त्यांच्या ओटीवर बसा, ती सांगतील ते त्यांच्याच आगरी बोलीत उतरवून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.



— संपादक