विषाची परीक्षा

विषाची परीक्षा पाहू नये, अशी आपल्याकडील वडीलधाऱ्यांची शिकवण आहे. आधुनिक रसायनयुगाने मात्र ही परीक्षा सर्रास पाहिली, आणि ज्यांची संमती कोणी विचारली नाही अशा स्त्रियांच्या देहांत पाहिली. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार भगिनींना तो नव्याने जडल्याचा अंदाज आहे. वाढते वय, आनुवंशिकता, मद्यपान, उतारवयातील स्थूलता ही त्याची कारणे वैद्यकशास्त्राने केव्हाच नोंदवली आहेत. त्या यादीत आणखी एका संशयिताचा विचार आता गंभीरपणे केला पाहिजे. तो म्हणजे शरीरातील संप्रेरकांच्या कारभारात ढवळाढवळ करणारी रसायने.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्तनातील पेशींना वाढीची आज्ञा देते. काही कृत्रिम रसायने धन्याची खोटी सही करणाऱ्या कारकुनाप्रमाणे तीच आज्ञा अवेळी सोडतात. हे ज्ञान काल-परवाचे नव्हे. लंडनचे शास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्येच बिस्फेनॉल-ए या पदार्थाचा इस्ट्रोजेनसारखा गुण दाखवून दिला होता. तरीही पुढे त्याच पदार्थापासून प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि अन्नाच्या डब्यांची आतील अस्तरे तयार झाली व घरोघर पोहोचली.

डॉड्स यांच्याच प्रयोगशाळेतून १९३८ साली डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन बाहेर पडले. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते लक्षावधी गर्भवतींना देण्यात आले. त्याचा तसा काहीच उपयोग होत नाही, हे शिकागोतील चाचणीने १९५३ मध्ये दाखवले. तरीही ते दिले जातच राहिले. १९७१ मध्ये त्या मातांच्या तरुण मुलींत योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कोठे सरकारी इशारा निघाला. त्या मुलींना स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही अधिक असल्याचे पुढे दिसून आले. औषध घेतले आईने, भोग आला लेकीच्या वाट्याला!

डीडीटीची कथा याहून बोलकी आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गर्भवतींच्या रक्ताचे नमुने घेऊन जतन करण्यात आले होते. त्यांवरून २००७ मध्ये जो निष्कर्ष निघाला, तो विचार करायला लावणारा आहे. डीडीटीचा वापर सर्वत्र सुरू झाला त्या १९४५ साली ज्यांचे वय चौदाच्या आत होते आणि ज्यांच्या रक्तात ते अधिक होते, अशा स्त्रियांना पन्नाशीच्या आत हा रोग होण्याचा धोका पाचपट आढळला. त्या वेळी वयाने मोठ्या असलेल्यांत तसा संबंध दिसला नाही. गर्भात असताना ज्यांना या द्रव्याचा अधिक संपर्क घडला, त्या मुलींतही धोका जवळजवळ चौपट असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे प्रश्न केवळ मात्रेचा नाही, वयाचाही आहे. प्रौढ रुग्णाचे आजचे रक्त तपासून तिच्या बालपणीच्या अपघाताचा पत्ता लागणे कठीणच.

डीडीटीने हिवतापापासून असंख्य जीव वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. बिस्फेनॉल-एमुळे माणसांत हा कर्करोग होतो असे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही, हेही आम्ही मान्य करतो. पण पुरावा हाती येण्यास दोन पिढ्या लागत असतील, तर तोवर वाट पाहण्याचा सल्ला देणारे खर्च कोणाच्या खात्यावर मांडतात? आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे न्यायतत्त्व माणसांसाठी आहे. रसायनांना ते संरक्षण कोणी बहाल केले?

आपल्या देशाने १९८९ मध्ये शेतीतील डीडीटी बंद केले आणि २०१५ च्या मानकाने तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हद्दपार केले. ही पावले योग्यच होती. परंतु बाटली सोडलेल्या मुलाच्या डब्याचे काय? युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंतच या पदार्थाला बंदी घालण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडेही नवा पदार्थ बाजारात येण्यापूर्वी त्याचा संप्रेरकांवरील परिणाम तपासून दाखवण्याची जबाबदारी उत्पादकावर असावी, वेष्टनावर घटकांची नावे स्पष्ट छापावीत आणि एक द्रव्य काढून त्याच्याच भाऊबंदाला मागील दाराने आत घेण्याची पळवाट बंद व्हावी, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.

वाचकांनी भयभीत होण्याचे कारण नाही. स्तनात गाठ जाणवताच संकोच न करता वैद्यकीय तपासणी करून घेणे, हे आजही पहिले कर्तव्य आहे. पण घरातील गृहिणीने कितीही दक्षता बाळगली, तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर पहारा देणे तिच्या आवाक्यातले नव्हे. ते काम राज्यकर्त्यांचे आहे. विषाची परीक्षा घ्यायचीच असेल, तर ती प्रयोगशाळेत घेतली जावी. लेकीबाळींच्या देहांत नव्हे.